नाशिकला बस्त्यासाठी येताय, तर मुक्काम कुठे करायचा

पाचोऱ्याच्या एका ताईंनी विचारलंय: धाकट्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला नाशिकला येतोय, आम्ही सात जणं, त्यात आई ६८ वर्षांची आणि तिला गुडघ्यांचा त्रास, ट्रेनने येणार, दोन रात्री राहणार, साड्या, दागिने आणि भांडी घ्यायचीयत, तर शॉपिंगला चालत जाता येईल असं मध्यम बजेटमधलं एखादं हॉटेल सांगा.

ताई, सांगतो, पण जरा लांबेल. मी या लाइनमध्ये बावीस वर्षं काढलीत. सुरुवात सीबीएस म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती एसटी स्टँडजवळच्या एका लॉजच्या काउंटरवर रात्रपाळीने, मग मुंबई नाक्याकडच्या एका मोठ्या हॉटेलात फ्रंट ऑफिस, आणि आता लग्नाच्या पाहुण्यांची राहायची सोय लावून देणं हाच धंदा. त्यामुळे "एखादं हॉटेल सांगा" याला मी नाव कधीच देत नाही, कारण हॉटेल चालवायला घेणारे दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, बोर्ड तोच असतो आणि आतला सगळा कारभार वेगळा असतो, मी आज चांगलं म्हणेन आणि तुम्ही सहा महिन्यांनी तिथे जाऊन मला शिव्या द्याल. एरिया मात्र बदलत नाही. एरिया बरोबर निवडला की साधं हॉटेलही पुरतं आणि एरिया चुकला की गुलाबपाण्याने स्वागत करणारं हॉटेलसुद्धा कामाचं नाही.

सगळ्यात आधी ट्रेनने येणाऱ्यांची नेहमीची चूक. तुम्ही फोनवर "नाशिक स्टेशनजवळ हॉटेल" टाकाल, छान छान फोटो येतील, स्टेशनपासून दोन मिनिटं असं लिहिलेलं असेल आणि ते खरंही असेल. पण ते स्टेशन नाशिकरोडचं. नाशिकरोड हे वेगळंच गाव आहे असं समजा, बिटको पॉइंटला त्याचा स्वतःचा बाजार आहे, घरगुती खरेदीला चांगलाय, पण बस्ता बांधायचा बाजार तिथून आठ-नऊ किलोमीटर आत आहे. मी काउंटरला असताना दर सीझनला असं एक तरी कुटुंब यायचं, पहिली रात्र नाशिकरोडला काढून दुसऱ्या दिवशी बॅगांसकट आमच्या दारात. आगाऊ भरलेले पैसे गेले ते गेलेच. तुम्ही स्टेशनवर उतरलात की सरळ शालिमार किंवा सीबीएसकडे या, शेअर रिक्षा आहेत, सिटीलिंकच्या बस आहेत, सात जणं आणि सामान म्हणजे दोन रिक्षा स्पेशल कराव्या लागतील, तेवढा खर्च धरून चला.

आता दुसरी गोष्ट, आणि ही नाशिकच्याच लोकांना पटकन सांगता येत नाही कारण त्यांना ती इतकी सवयीची झालीये. नाशकात बाजार दोन आहेत. एक जुना, म्हणजे शालिमार, एमजी रोड, मेनरोड, दहीपूल, कापडपेठ, सराफ बाजार, भांडी बाजार, रविवार कारंजा, हे सगळं एकमेकांना चिकटून. दुसरा नवा, म्हणजे कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर, गंगापूर रोड, तिथे ब्रँडची शोरूम, डिझायनर ब्लाउज, नवरदेवाच्या शेरवान्या, एसीत बसून कॉफी पाजणारे ज्वेलर. मॉल तिसरीकडेच, उंटवाडीच्या बाजूला, त्याला तुमच्या कामात धरतच नाही. या दोन बाजारांमध्ये चालत जाण्याएवढं अंतर नाहीये, म्हणजे माणूस जाईल चालत, पण ६८ वर्षांची आई आणि हातात पिशव्या घेऊन नाही. मग लोक काय करतात तर मधलं बघतात, शरणपूर रोडच्या आसपास कुठेतरी, की दोन्हीकडे जवळ पडेल. हे मधलं घेणं म्हणजे दोन्हीकडे रिक्षा करायची सोय. मी स्पष्ट सांगतो, तुमच्या यादीत भांडी आणि दागिने दोन्ही आहेत म्हणजे तुमचा बाजार जुना आहे, मुक्काम जुन्याजवळ करा आणि कॉलेज रोडला एक संध्याकाळ रिक्षाने जाऊन या. उलटं करू नका.

उलटं का नको ते माझ्याच चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी नंदुरबारच्या एका कुटुंबाची सोय मी कॉलेज रोडला केली होती, रूम नव्याकोऱ्या, बाथरूम चकाचक, खाली नाश्ता, माझ्या मनात की मंडळी खूश होतील. त्यांनी सकाळी भांडी बाजारात रुखवताची पितळी भांडी घेतली, समई, परात, डबे, एक भली मोठी घागर. आता भांडी घेतली की काम संपत नाही, त्यावर नावं टाकायची असतात. नावं टाकणारा बसतो त्याचं ते बारीक मशीन घेऊन, कागदावर तुम्ही लिहून द्यायचं, कोणत्या भांड्यावर मामा-मामींचं नाव, कोणत्यावर आत्याचं, तारीख कोणती, आणि तो म्हणतो संध्याकाळी या. संध्याकाळी जावंच लागतं आणि आपल्या समोर बघून घ्यावं लागतं कारण ऱ्हस्व-दीर्घाची चूक एकदा पितळेत गेली की ती नातवंडांपर्यंत राहते. तेवढ्यात साड्यांचं पिको-फॉल दुसऱ्या दिवशी दुपारी मिळणार, सोनाराने बांगडी मापाची करून पॉलिशला ठेवली ती सहानंतर. म्हणजे प्रत्येक दुकानात दोन-दोन खेपा. त्या मंडळींनी दोन दिवसांत इतक्या रिक्षा केल्या की शेवटी मोजणं सोडून दिलं, त्यात संध्याकाळी अशोक स्तंभापाशी ट्रॅफिक, रिक्षावाला रविवार कारंजाच्या पुढे आत यायला तयार नाही, मग घागर काखेत धरून काका चालतायत असं दृश्य. चेकआउटला ते काका मला म्हणाले, "हॉटेल झकास होतं हो, पण आम्ही त्यात होतोच कधी?"

तेव्हापासून माझा हिशेब बदलला. बस्त्यासाठी हॉटेल जवळ हवं ते पहिल्या खेपेसाठी नाही, पहिल्या खेपेला सगळे उत्साहात असतात, दोन किलोमीटरही चालतात. दुसऱ्या खेपेसाठी हवं. दुपारी एक वाजता पिशव्या टाकून, पाय धुऊन, आईला पाठ टेकू देऊन चार वाजता परत निघता आलं पाहिजे. हे दिवसातून दोनदा सहज जमलं तर ते चालत अंतर. नाहीतर जाहिरातीत लिहिलेलं "वॉकिंग डिस्टन्स" हे लिहिणाऱ्याच्या पायांचं आहे, तुमच्या आईच्या नाही.

बरं, जुन्या नाशकाजवळ म्हणजे तरी नक्की कुठे. इथे चार वेगवेगळे पट्टे आहेत आणि चारींचा स्वभाव वेगळा.

सीबीएस आणि ठक्कर बाजार (नावात बाजार असला तरी हा पण एसटी स्टँडच). लॉज आणि मध्यम हॉटेलं सगळ्यात जास्त इथेच. फायदा असा की रात्री-अपरात्री आलात तरी जाग असते, चहा मिळतो, औषधाचं दुकान जवळ असतं. शालिमार इथून रमतगमत दहा मिनिटं. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड याच पट्ट्यातून जातो, तो होताना आम्ही सगळे वैतागलो होतो, गिऱ्हाईक गाडी घेऊन येईना, पण आता निदान तेवढ्या तुकड्यात फुटपाथला फुटपाथ म्हणता येतं आणि म्हाताऱ्या माणसाला चालायला बरं पडतं. तोटा एकच पण मोठा, आवाज. पहाटे साडेचार-पाचला एसटीच्या गाड्या सुरू होतात आणि ड्रायव्हर मंडळी रिव्हर्स घेताना काय शिट्ट्या, काय हॉर्न. मी त्या लॉजवर होतो तेव्हा पहाटे पाचला काउंटरवर येऊन रूम बदलून मागणारे रोजचे होते. म्हणून इथे घ्याल तर रस्त्याकडची खिडकी नको, मागच्या बाजूची रूम द्या, असं बुकिंगच्या वेळीच बोलून ठेवा, व्ह्यूचा विचार करू नका, बसस्टँडचा व्ह्यू घेऊन काय करायचंय.

दुसरा पट्टा शालिमार, एमजी रोड, वकीलवाडी. माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी हाच. वकीलवाडीतून धुमाळ पॉइंटला यायला सात-आठ मिनिटं, तिथून मेनरोड सुरूच होतो. कालिदास कलामंदिराच्या बाजूला राहिलात तरी तेच. खायला चांगलं, दिवसभर वर्दळ, पण दुकानं बंद झाली की रात्री दहा-साडेदहानंतर बऱ्यापैकी शांत होतं, हे लोकांना माहीत नसतं, त्यांना वाटतं बाजाराजवळ म्हणजे रात्रभर गोंगाट. बाजार झोपतो हो, बसस्टँड झोपत नाही. एमजी रोडला मोबाइलवाल्यांची गर्दी असते, त्यांचे स्पीकर चालू असतात संध्याकाळी, तेवढं सोसायचं.

तिसरा, थेट आतलं. मेनरोड, रविवार कारंजा, भद्रकालीच्या गल्ल्यांमधले जुने लॉज. अंतराच्या दृष्टीने याच्यापेक्षा जवळ काही नाही, जिना उतरलं की दुकान. पण बहुतेक जुन्या इमारती, अरुंद जिने, लिफ्ट नाही, आणि तुम्हाला गुडघे सांभाळायचेत. फोटोत रूम दिसते, जिना दिसत नाही. एकटे व्यापारी, ज्यांना सकाळी माल उचलून दुपारच्या गाडीने परत जायचंय, त्यांना ही जागा उत्तम, कुटुंबाला मी पाठवत नाही.

चौथा पंचवटी. देवदर्शन पण करायचं असेल तर मंडळींना मोह होतो, रामकुंड, काळाराम चालत, यात्री निवास आणि धर्मशाळा स्वस्त. होळकर पूल ओलांडून रविवार कारंजाला यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि संध्याकाळी तो पूल गाड्यांनी भरलेला असतो. जायला मजा, यायला शिक्षा. एकच गोष्ट पंचवटीच्या बाजूने सांगतो, बुधवारी गंगेवर बाजार भरतो, तो बघायचा असेल तर तिथून पायाखाली. आणि हो, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, "गंगेवर जाऊन या" असं कोणी सांगितलं तर घाबरू नका.

आता नकाशा काय सांगत नाही ते. जुनं नाशिक टेकड्यांवर वसलंय, नऊ शिखरांवरून नाव पडलं असं आमच्याकडे सांगतात, ते खरं-खोटं जाऊ दे, पण चढउतार मात्र पायांना कळतो. मेनरोडवरून दहीपुलाकडे, सराफ बाजाराकडे, भांडी बाजाराकडे जाताना रस्ता नदीकडे उतरत जातो. जाताना हात रिकामे आणि उतार, येताना पितळ हातात आणि चढ. नकाशा म्हणतो सातशे मीटर, जाताना तेवढेच वाटतात, येताना दुप्पट. म्हणून माझा सल्ला, भांडी सगळ्यात शेवटी घ्या, आणि दुकानदाराला आधीच विचारा की हॉटेलवर पोचवाल का. मोठी खरेदी असली की पोऱ्याबरोबर हातगाडीवर नाहीतर दुचाकीवर पाठवतात, हॉटेल जवळ असलं तर नाही म्हणत नाहीत, कॉलेज रोड म्हटलं की तोंड वाकडं करतात. हा पण जवळ राहण्याचा एक फायदा, जो कुठल्याच वेबसाइटवर लिहिलेला नसतो.

पावसाळ्यात येणार असाल तर अजून एक. सराफ बाजार खालच्या बाजूला आहे, जोरदार पाऊस तासभर झाला की सरस्वती नाल्याचं पाणी तिथे तुंबतं, आणि गंगापूर धरणातून जास्त पाणी सोडलं की नदी वर येते. नाशिककर पुराचं माप नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून काढतात, पाणी कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं, असं. २००८ ला, २०१६ ला, २०१९ ला या बाजारात पाणी शिरलेलं आम्ही पाहिलंय, सराफ लोक दुकानं रिकामी करत होते. जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दागिन्यांचं काम असेल तर ते पहिल्या दिवशी उरकून टाका, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. लग्न दिवाळीनंतरचं असलं तर हा प्रश्नच नाही.

बुकिंगच्या आधी फोन करा. ॲपवरून बुक करायला माझी हरकत नाही, पण बोलणं थेट काउंटरशी करा आणि शक्यतो दुपारी तीन-चारला करा, सकाळी चेकआउटची घाई असते, कोणी धड बोलत नाही. "मार्केट जवळ आहे का" असं विचारूच नका, नाशकातल्या प्रत्येक हॉटेलात त्याला हो म्हणतात, पाथर्डी फाट्यावरचा पण हो म्हणेल, त्याच्या मनात गाडी असते. विचारा की मेनरोडच्या गाडगे महाराज पुतळ्यापर्यंत चालत किती मिनिटं लागतात आणि कोणत्या रस्त्याने जायचं. चालत जाणारा माणूस झटकन सांगतो, धुमाळ पॉइंटवरून सरळ या म्हणून, आणि जो "रिक्षा मिळेल ना मॅडम समोरच" म्हणतो तिथे तुमचं उत्तर मिळालं. नकाशात पण "मेनरोड" टाकू नका, तो कुठलंही टोक धरतो, पुतळा टाका आणि चालण्याचा पर्याय निवडा.

मग लिफ्टचं विचारा, आणि नुसतं आहे का नाही, लाइट गेल्यावर जनरेटरवर चालते का. एकदा एका हॉटेलात (नाव जाऊ दे) माझी चार पाहुणी मंडळी तिसऱ्या मजल्यावर, लाइट गेली, जनरेटरवर फक्त दिवे-पंखे, लिफ्ट बंद, आजीबाई खाली रिसेप्शनच्या सोफ्यावर दीड तास बसून. मालक म्हणाला आम्ही कुठे लिहिलंय लिफ्ट चोवीस तास म्हणून. त्याचं बरोबर होतं, मीच विचारलं नव्हतं. तुम्ही आईसाठी पहिल्या मजल्याची रूम मागा, लिफ्ट असली तरी.

गरम पाणी कधी, हे विचारा, कारण मध्यम हॉटेलांमध्ये सोलर किंवा बॉयलरचं सकाळी ठरावीक वेळेलाच येतं आणि सात जणांच्या आंघोळी व्हायच्यात. चेकआउट दुपारी बाराचं आहे की चोवीस तासांचं, हे तर आधी, कारण तुमची ट्रेन पहाटे उतरणार असेल तर बाराच्या नियमात अर्धा दिवस फुकट जातो आणि चोवीस तासांच्या नियमात पूर्ण वापरता येतो. जास्तीच्या गादीचे किती. भाडं जीएसटी धरून सांगताय की सोडून, रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, आधी १२ होता, त्याच्या वरच्या भाड्याला १८. तुम्ही ७,५०० च्या आतच असणार, तेव्हा कोणी जुन्या सवयीने १२ लावत असेल तर बोट ठेवा. सगळ्या मोठ्या माणसांची आधार कार्डासारखी ओळखपत्रं जवळ ठेवा, एकाचं दाखवून चालत नाही.

सात जणांना तीन रूम लागतील असं वाटतं ना, दोन मोठ्या फॅमिली रूम मिळतायत का बघा, एका रूममध्ये खरेदी मांडून ठेवायला जागा लागते. बस्त्याला आलेल्या बायका रात्री काय करतात मला माहितीये, सगळ्या साड्या परत उघडून पलंगावर पसरून बघतात, ही मोठ्या जावेला, ही आत्याला, आणि एक तरी साडी सकाळी बदलायला जाते. हॉटेल जवळ असलं की बदलायला जाणारी एकटीच जाते, बाकीच्या चहा पितात. लांब असलं की साडी बदलायची राहते आणि मग लग्नात आत्या रुसते.

सोन्याचं मात्र वेगळं सांगतो. रूमवर सोनं ठेवून बाजारात फिरू नका, कितीही चांगलं हॉटेल असो, कपाटाच्या कुलपावर विसंबू नका. पसंती पहिल्या दिवशी करा, बयाणा द्या, पावती घ्या आणि ताबा शेवटच्या दिवशी निघण्याच्या आधी घ्या. आणि पॅन कार्ड पर्समध्ये असू दे, दोन लाखांच्या वर खरेदी गेली की सराफ मागतो, मागितलंच पाहिजे, आणि दोन लाख किंवा त्याच्या वर रोख तो घेऊ शकत नाही, तेव्हा पैशांची सोय तशी करून या. पॅन गावाला राहिलं म्हणून फोनवर फोटो मागवत बसलेली माणसं सराफ बाजारात रोज दिसतात.

तारखा बघून या. दिवाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस मेनरोडला पाय ठेवायला जागा नसते, पोलिस चारचाकी आत सोडत नाहीत, पण चालणाऱ्याला ते उलट बरंच. गणपती विसर्जनाची मिरवणूक वाकडी बारवेतून निघते आणि मेनरोड, धुमाळ पॉइंट, एमजी रोड, मेहेर, अशोक स्तंभ, रविवार कारंजा करत पंचवटीत जाते, म्हणजे मी तुम्हाला सांगितलेला सगळा पट्टाच, त्या दिवशी खरेदी विसरा आणि एमजी रोडवर खिडकी असेल तर बघत बसा, ढोल ऐकण्यासारखे असतात. रंगपंचमीला पण तसंच, आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी, जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात, रंगाच्या पाण्याचे हौद हो, त्यात लोक उड्या मारतात, त्या दिवशी साडी घ्यायला आलात तर नेसलेली पण रंगेल.

आणि सिंहस्थ, म्हणजे आमचा कुंभमेळा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे, अमृतस्नानाच्या पहिल्या दोन तारखा २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट २०२७. त्याच्या आगेमागे नाशकात खरेदीला येऊच नका, रूम मिळाली तरी भाडं विचारून घाम फुटेल. २०१५ च्या पर्वणीला गाड्या शहराबाहेर अडवल्या होत्या आणि मी स्वतः ड्यूटीला चालत गेलोय, आयकार्ड गळ्यात घालून, तेव्हा चालत अंतर म्हणजे काय ते मला खरं कळलं. तसंही सिंहस्थात लग्न करू नये म्हणणारी घरं आहेत, तुमच्याकडे काय मानतात ते तुम्हीच बघा.

तर तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. शालिमार ते वकीलवाडी या पट्ट्यात लिफ्टवालं हॉटेल, दोन फॅमिली रूम, मागच्या बाजूच्या. पहिल्या दिवशी सकाळी अकराला सराफ बाजार, डोकं ताजं असताना, दागिन्यांची पसंती, माप, बयाणा. तिथेच सरकारवाडा आहे, पेशवेकालीन, आईला दोन मिनिटं तिथे दाखवून आणा. दुपारी परत रूमवर. चारनंतर साड्या, आईला दुकानात खुर्ची मागून द्या, गादीवर बसवू नका, गादीवरून उठताना गुडघे बोलतात, जुने दुकानदार स्वतःहून स्टूल आणतात. पिको-फॉलला त्याच संध्याकाळी टाकायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-साडेनऊलाच भांडी, भांडी बाजार आणि तांबट लेन, नावं टाकायला देऊन यायचं, दुपारी आई आराम, तुम्ही दोघी-तिघी कॉलेज रोडला ब्लाउज आणि शेरवानी बघून या, संध्याकाळी भांडी आणि पिको-फॉल ताब्यात. तिसऱ्या दिवशी दागिने उचलायचे, चिवडा बांधून घ्यायचा आणि निघायचं.

चेकआउटनंतर सामान क्लोकरूमला ठेवून देतात का, हेही फोनवरच विचारून ठेवा, बहुतेक ठेवतात, चिठ्ठी मागून घ्या. नगांची संख्या चिठ्ठीवर लिहून घ्या, "सामान" असं नुसतं नको, घागर धरून अकरा नग असं लिहायचं. स्टेशनला जाताना ट्रेनच्या दीड तास आधी निघा, वाटेतल्या द्वारका चौकात संध्याकाळी अर्धा तास सहज जातो.